साखळी लावून

गोळीबार चौकामागे, तिसऱ्या गल्लीत,
जिथे बाबांच्या मागाचा खड्डा होता
तिथे आता फरशी आहे, फरशीवर टेबल,
टेबलावर माझा लॅपटॉप.
तेवढ्याच फरशा जरा वेगळ्या रंगाच्या.
पाय खाली सोडले की अजूनही वाटतं,
खोल जातील.

पारा सेहेचाळीसवर. दुपारचे दोन.
कुलर हवेपेक्षा आवाज जास्त फेकतो.
हेडाऊंच्या वाळ्याच्या ताट्यांचं पान मी बनवलंय:
माप टाका, ताटी निवडा, पैसे भरा.
चालतं. पण फक्त इथंच.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
हा पत्ता प्रत्येक मशीनजवळ असतो
आणि ज्याला त्याला त्याच्याच घरी आणून सोडतो.
पोस्टमनला विचाराल तर हसेल.

हेडाऊकाका गोंदियाला, मुलीकडे, मोतीबिंदूसाठी.
"पोरी, फोनवर दाखव न. एका डोळ्यानं पाहून घेईन."
सर्व्हर घ्यायचा तर आधी ॲडव्हान्स हवा,
ॲडव्हान्स हवा तर आधी पान दिसायला हवं.

मी एक ओळ टाइप करते.
माझं मशीन आतूनच हात बाहेर काढतं,
दूर कुठल्याशा गार खोलीतल्या यंत्राचा हात धरतं
आणि धरूनच ठेवतं.
राउटर समजतो, घरातलं कोणी बाहेर गेलंय.
त्याच वाटेनं उलट कोणी आत येतंय
हे त्याच्या गावीही नाही.
पत्ता मिळतो: तीन शब्द, एकमेकांचे कोणी न लागणारे,
आणि पुढे कुलपाचं चित्र.

काळ्या खिडकीत ओळी उमटतात.
गोंदियाहून एक. ताटीचा फोटो मागितला, दिला.
तीन बाय चारचा भाव मागितला, दिला.
मग काकांनी एक रुपया भरला, चाचणीचा,
आणि निरोप थेट या फरशीवर येऊन पोचला:
मिळाला.
बाबा साडी खांद्यावर टाकून गांधीबागेत जायचे,
पेढीच्या पायरीखाली उभे राहायचे,
कधी शनिवारी, कधी पुढच्या.
हा रुपया आपल्या पायानं घरी आला.
मी उगाच दोनदा वाचलं.

पुढची ओळ गोंदियाची नाही.
कोणीतरी विचारतंय, ॲडमिनचं दार कुठंय?
चारशे चार, म्हणालं मशीन. नाही.
गुपितांची फाईल? नाही.
पुन्हा, दुसऱ्या नावानं. पुन्हा.
या पत्त्याला जन्मून अकरा मिनिटं झाली,
मी तो एकाच माणसाला सांगितला होता.

तेवढ्यात बेल वाजते. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
आई दार उघडते, साखळी लावून,
चार बोटं फट.
"कोणाकडे आले जी?"
ऐकून घेते. मग त्याला फटीतूनच
गार पाण्याचा गिलास देते, यंत्र घेत नाही.

मी कंट्रोल आणि सी दाबते. पत्ता मरतो.
पुन्हा उघडते, या वेळी नाव आणि परवलीचा शब्द विचारून.
"काका, शब्द तुम्हीच सांगा, विसरणार नाही असा."
ते बराच वेळ गप्प. मग एका गावाचं नाव सांगतात,
हळू, जसं शेजारी मुलगी बसली असावी.
इथे लिहीत नाही.

चार वाजता लाइन जाते.
कुलर थांबतो, वाळ्याचा वास तेवढा उरतो.
काकांचा फोन: "पान गेलं न बाप्पा, ताटी निवडूनच राह्यलो होतो!"
"हिरवी निवडा," मी म्हणते, "लाइन येऊ द्या."
आई उठते, साखळी काढते,
दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसते.
"आता काऊन?" मी विचारते.
"हवा कुठून येईल मग?"